उपस्थाता : चिकित्सेचा विसरलेला पाद

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, नवव्या अध्यायात, चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, उपस्थाता व रोगी. उपस्थात्याच्या अंगी उपचारज्ञान, दक्षता, अनुराग व शुचिता असावी, अशी अपेक्षा आहे. मनोविकारात हा उपस्थाता बहुधा घरातील आई, पत्नी वा भाऊ असतो. आणि आपण नेमका त्यालाच विसरतो.

अमरावती-अकोल्याकडील आपल्या चिकित्सालयांत व औषधी दुकानांत एक प्रसंग परिचयाचा आहे. माय एकटीच येते आणि म्हणते, "तो काही येत नाही वैद्यसाहेब, भाजीत कालवून देता येईन असं काही द्या." आपण पुडी बांधून देतो. माझ्या मते ही चूक आहे. नकळत दिलेले औषध कधीतरी उघडकीस येते. मग संशयग्रस्त रुग्णाचा त्या माउलीच्या हातच्या अन्नावरचाही विश्वास उडतो. मनोविकारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू आहेत काय, हे न विचारता द्रव्य देणे वा त्या परस्पर बंद करविणे तर घातकच.

पुडीऐवजी तिला पंधरा मिनिटे द्यावीत. रुग्णाची झोप, आहार, जीव देण्याची भाषा, घरातील कीटकनाशक कुलूपबंद आहे काय, हे विचारावे. तिची स्वत:ची झोपही विचारावी. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांकरवी काम केले, तेव्हा नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मदत उंबरठ्यापर्यंत गेली की ती स्वीकारली जाते, हाच त्याचा बोध.

मात्र उपस्थाता म्हणजे रुग्णाचा मालक नव्हे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार आपला प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार रुग्णाला आहे आणि त्याला साखळदंडाने बांधणे निषिद्ध आहे. उन्मादचिकित्सेत सुहृदांनी धीर देणेही सांगितले आहे आणि भय दाखविणे, बांधणेही. आज आपण त्यातील पहिलेच घ्यावे, हे स्पष्टपणे बोलण्यात शास्त्राचा अवमान नाही.

औषधी दुकानदार बंधूंनी 'टेली मानस'चा १४४१६ हा नि:शुल्क क्रमांक काउंटरवर लावावा. आणि वैद्यबंधूंनी त्या माउलीला एवढेच सांगावे : "पुढच्या वेळी त्याला सोबत आणा, येत नसेल, तर मीच घरी येतो."