‘ब्रेक फेल’ होतो तो कुठे?

‘ब्रेक निकामी झाल्याने चालकाचे ट्रकवरील नियंत्रण सुटले’ हे वाक्य आपण सकाळच्या चहाबरोबर इतक्या वेळा वाचतो की, त्यात काही विचारण्याजोगे उरले आहे असे वाटतच नाही. पाऊस आला, वीज गेली, तसा ब्रेक फेल झाला! मला मात्र अलीकडे या वाक्याचा राग येऊ लागला आहे. ब्रेक आपणहून फेल होत नाही. पुष्कळदा तो कित्येक महिने आधी, स्पेअर पार्टच्या दुकानात पैसे मोजतानाच फेल होऊन गेलेला असतो.

जुन्या ट्रकच्या चाकात बिडाचा ड्रम असतो. आत दोन शू, आणि शूवर रिव्हेटने ठोकलेले लायनर. पेडल दाबले की हवेच्या दाबाने लायनर ड्रमला घासतात आणि गतीची उष्णता होते. ही उष्णता किती? सोळा टनांचा भरलेला ट्रक घाटातून तीनशे मीटर खाली उतरला, तर तेवढ्या उष्णतेत सुमारे दीडशे लिटर पाण्याला उकळी फुटेल. यातला काही वाटा वारा, टायर आणि गिअरमध्ये असलेले इंजिन उचलते. उरलेला सारा त्या ड्रमांच्या माथी. ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून दूर सरकतो. लायनर हलके असेल तर त्यातले चिकटद्रव्य जळू लागते आणि पकड जाते. चालक पेडल दाबतो, हवा सुटल्याचा आवाजही येतो, गाडी मात्र थांबत नाही.

अर्थात सगळे खापर लायनरवर फोडता येणार नाही. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकने चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली, तेव्हाही आधी ‘ब्रेक फेल’च ऐकू आले. पुढे प्राथमिक तपासातून आले ते असे, की डिझेल वाचवण्यासाठी चालकाने उतारावर इंजिनच बंद केले होते. इंजिन बंद म्हणजे हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद. दर दाबणीला टाकीतली हवा कमी होत जाते आणि इंजिनाचा अटकावही मिळत नाही. गंमत अशी की, गाडी गिअरमध्ये ठेवून उतरले तर पंप डिझेल जवळजवळ तोडतोच. म्हणजे न्यूट्रलमध्ये उतरून वाचते तरी काय?

आता दुकानाकडे वळू. मध्यंतरी एका परिचित मालकाबरोबर गेलो होतो. त्यांची एकच गाडी, तीही पंधरा वर्षांची. दुकानदाराने पहिला प्रश्न केला, “बोला शेठ, कंपनीचा देऊ की चालू देऊ?” चालू मालाचा भाव निम्म्याच्या आत. वरचा खोका नामांकित कंपनीच्या खोक्याचा सख्खा भाऊ शोभावा असा. हातात घेऊन दोन्ही लायनर सारखेच वाटले आणि थंड ड्रमवर दोन्ही सारखेच धरतीलही. फरक कळतो तो घाटाच्या पाचव्या वळणावर. शिवाय स्वस्त लायनर कधी कधी कडक असते, म्हणून जास्त दिवस टिकते. मालक खूश, आणि तिकडे ते ड्रम खात बसलेले.

बरोबरचे मिस्त्री जुने, जाणते. त्यांचे म्हणणे, एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांना एकाच बनावटीचे लायनर हवेत, नाहीतर ब्रेक मारताच गाडी एका अंगाला ओढते. ड्रम लेथवर घासून घासून ठरलेल्या मापापलीकडे गेला असेल तर तो फेकायचा, कारण पातळ ड्रम लवकर तापतो. ऑइल सील गळत असेल तर नव्या लायनरवर तेल उतरून पैसे पाण्यात. आणि स्लॅक ॲडजस्टर तपासल्याशिवाय चाक बंद करायचे नाही. मालकांनी हे सारे ऐकून घेतले आणि हळूच म्हणाले, “मिस्त्री, हप्ता भरू की ड्रम घेऊ?” शेवटी लायनर चांगले घेतले, ड्रम पुढच्या खेपेला.

या माणसाला गुन्हेगार ठरवणे सोपे आहे, पण माझ्याच्याने ते होत नाही. भाडे ठरवतो दलाल, माल पाठवणारा स्वस्त गाडी मागतो, आणि ब्रेकचा खर्च तेवढा एकट्या मालकाचा. २०१५ च्या ऑक्टोबरपासून नव्या अवजड वाहनांना एबीएस सक्तीचे झाले. त्याआधीच्या असंख्य गाड्यांत ते नाहीच. आठ वर्षांपुढच्या गाडीचे पासिंग दरवर्षी होते खरे, पण तपासणीच्या रोलरवर ब्रेक पाहिला जातो तो थोडा वेळ आणि गार ड्रमवर. तिथे घाट कुठून आणणार?

सप्टेंबर २०२५ मध्ये सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पक्के बिल आणि बिनबिलाचा माल यांतले अंतर त्याने थोडे कमी झाले, एवढेच. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. सुरक्षेसाठी महत्त्वाचा म्हणून सरकारने अधिसूचित केलेला भाग नियमबाह्य असताना विकला, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक नगामागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. कलम कडक आहे. पण ते लावायचे तर अपघातानंतर कुणीतरी चाक उघडून लायनर कुणाचे, जाडी किती आणि बिल कुणाचे, हे विचारावे लागेल. इतकी वर्षे वर्तमानपत्र वाचतो आहे. लायनर कुठून घेतले होते, हे सांगणारी अपघाताची बातमी माझ्या वाचनात अजून आलेली नाही.