उगमाचे पाणी, नळाचे पाणी

बदलापूरजवळच्या बारवी धरणातून सोडलेले पाणी जांभूळ येथे शुद्ध होते आणि औद्योगिक विकास महामंडळाच्या जलवाहिन्यांतून अंबरनाथच्या कारखान्यांना व उल्हासनगरच्या वस्तीला पोहोचते. शुद्धीकरण केंद्रातील नमुना निर्दोष असला, तरी वाटेत वाहिनी फुटून गटाराचे पाणी शिरले तर त्याची खबर तो नमुना देणार नाही. त्यासाठी नळाचे पाणीच तपासावे लागते. व्यवहारातला हा साधा नियम सॉफ्टवेअरच्या जगाला मात्र २०२४ मध्ये धक्का खाऊन शिकावा लागला.

ओपन सोर्स अर्थात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची सारी मदार पारदर्शकतेवर आहे. त्याची मूळ संहिता खुल्या भांडारात असते आणि ती कोणालाही वाचता येते. तथापि डेबियन, फेडोरा यांसारख्या लिनक्स वितरणांचे स्वयंसेवक व अभियंते अनेकदा या भांडाराऐवजी लेखकाने प्रसिद्ध केलेले संहितेचे गाठोडे, म्हणजेच टारबॉल, घेऊन त्यापासून पॅकेज तयार करतात. या गाठोड्यात सोयीसाठी यंत्राने निर्माण केलेल्या फायलीही घातलेल्या असतात. त्या भांडारात नसतात आणि हजारो ओळींच्या असल्याने सहसा कोणी वाचत नाही.

नेमक्या याच फटीतून घुसखोरी झाली. ‘एक्सझेड’ हे माहिती संकुचित करणारे सॉफ्टवेअर असंख्य लिनक्स संगणकांवर असते. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने २०२१पासून त्याच्या कामात हातभार लावत विश्वास संपादन केला आणि अखेर देखभालीचे अधिकार मिळवले. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा दडलेला होता. त्याचा मुख्य भाग चाचणीच्या फायलींच्या वेषात भांडारातही होता. मात्र तो जागा करणारी कळ फक्त टारबॉलमधील एका फाइलमध्ये होती. दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग काढताना अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला हा कट उमगला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने तो जाहीर केला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत हे विष पोहोचले नव्हते, एवढेच नशीब.

या प्रकरणात टारबॉलवरील डिजिटल स्वाक्षरी खरी होती, हे विसरता कामा नये. गाठोडे कोणी बांधले हे स्वाक्षरी सांगते. आतला माल भांडारातील संहितेशी जुळतो की नाही, हे सांगत नाही. त्यामुळे स्वच्छ संग्रह तयार करण्याच्या शिस्तीला आता महत्त्व आले आहे. भांडारातील स्वाक्षरीयुक्त आवृत्तीपासून थेट संग्रह बनवावा, यंत्रनिर्मित फायली वगळून त्या स्वतः पुन्हा निर्माण कराव्यात, अनावश्यक फायली काढल्यास त्याची नोंद ठेवावी आणि कोणीही तोच संग्रह पुन्हा बनवून पडताळू शकेल अशी व्यवस्था असावी, असे तिचे स्वरूप आहे. अर्थात हे सोपे नाही. जानेवारी २०२३ मध्ये गिटहबने संकोचनाची पद्धत बदलली, तेव्हा आतली संहिता तीच असूनही संग्रहांचे तपासणी-अंक बदलले. परिणामी अनेकांची कामे ठप्प झाली आणि बदल मागे घ्यावा लागला. शिवाय भांडारातच दडवलेल्या दगाबाजीवर हा रामबाण उपाय नव्हे. पण वाटेतील भेसळ त्याने निश्चित पकडता येते.

भारतात केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण स्वीकारले. सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी ठेवण्याविषयी ‘सर्ट-इन’ने २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली. ती आवश्यकच आहेत. परंतु यादीत ‘एक्सझेड ५.६.१’ अशी बिनचूक नोंद असती, तरी तेवढ्याने चोरदरवाजा दिसला नसता. उल्हासनगरची महापालिका असो वा अंबरनाथ-बदलापूरच्या नगर परिषदा, मालमत्ता कर आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी संगणकावर सोपवणाऱ्या प्रत्येक संस्थेने निविदेत आणखी एक प्रश्न घालायला हवा: हे पॅकेज कोणत्या संग्रहापासून बनले आणि तो मूळ भांडाराशी कोणी ताडून पाहिला? या प्रश्नाला उत्तर नसेल, तर नळ न तपासताच पाणी प्यायल्यासारखे होईल.