दुकान, दंड आणि किल्ली

१/ अमरावती–अकोला महामार्गावरील ७५ किलोमीटरच्या मार्गिकेचे डांबरीकरण जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत झाले; गिनीज विक्रम नोंदला गेला. या वेगवान रस्त्यावर मद्यपी चालकाला आवरणार कोण?

२/ २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांलगतची मद्यविक्री रोखली. पुढच्याच वर्षी शहरी हद्दींना सूट मिळाली. २०१९ मध्ये कलम १८५ खालील पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० वरून १०,००० रुपये झाला. उपाय दुकानावर झाला, खिशावर झाला. वाहन मोकळेच राहिले.

३/ कॅलिफोर्नियाने १९८६ मध्येच दोषी चालकांच्या गाडीत श्वासयंत्र बसवण्याचा प्रयोग आरंभला : श्वासात मद्य आढळले, तर इंजिन सुरूच होत नाही.

४/ गाडगेबाबांच्या वऱ्हाडाने दारूविरोधी कीर्तने पुष्कळ ऐकली. दंड भरून परतलेल्या चालकापासून समोरच्या दुचाकीस्वाराला मात्र उपदेश वाचवत नाही. निदान दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्यांना हे यंत्र सक्तीचे व्हावे.