वेशीबाहेरचे जिनिव्हा

युरोपची सहल करून आलेल्या मंडळींना जिनिव्हाविषयी विचारावे, तर उत्तर बहुधा ठरलेले असते: शहर छान आहे, स्वच्छ आहे, पण मुद्दाम जाण्याजोगे तेथे काही नाही. हे मत अगदीच उडवून लावण्यासारखे नाही. बर्फाची शिखरे जवळून पाहायची असतील तर इंटरलाकेनच्या बाजूला जावे. छपराचा लाकडी पूल आणि जुन्या घरांच्या रंगवलेल्या भिंती हव्या असतील तर लुसर्न अधिक देखणे आहे. जिनिव्हाच्या वाट्याला फार तर अर्धा दिवस येतो. सरोवरातले कारंजे, फुलांचे घड्याळ, संयुक्त राष्ट्रसंघाच्या फाटकापुढे एक छायाचित्र, की निघाली बस. त्यातून शहर कमालीचे महाग.

कारंज्याचीच गोष्ट घ्या. १४० मीटर उंच उसळणारे ते पाणी मुळात शोभेसाठी नव्हतेच. ऱ्होन नदीवरच्या जलशक्ती केंद्रातून शहरातल्या कारखान्यांच्या यंत्रांना दाबाखाली पाणी पुरवले जाई. संध्याकाळी यंत्रे थांबली की नळांतला दाब वाढे, आणि तो मोकळा करण्यासाठी १८८६ साली एक झडप बसवली गेली. तिच्यातून उडणारे पाणी लोकांना आवडले, म्हणून १८९१ साली ते कारंजे म्हणून सरोवरात आणले. ज्या शहराची सर्वांत प्रसिद्ध प्रेक्षणीय वस्तू ही दाब सोडण्याची झडप आहे, त्याच्याकडून नयनरम्यतेची फार अपेक्षा न केलेलीच बरी.

असे असूनही साहित्याच्या विद्यार्थ्याने आणि शिक्षकाने जिनिव्हाला जावे, आणि अर्धा दिवस नव्हे तर निदान दोन दिवस राहावे, असे माझे मत आहे. थोर लेखकांची घरे तेथे आहेत हे त्याचे कारण नव्हे. घरांवरच्या पाट्या वाचत हिंडणे हा साहित्यप्रेमाचा फार स्वस्त प्रकार आहे, आणि पाट्या कुठल्याही जुन्या शहरात सापडतात. कारण वेगळे आहे. जिनिव्हाशी जोडले गेलेले बरेचसे मोठे लेखन या शहराने वेशीबाहेर ठेवलेल्या, किंवा या शहराशी कधीच न जमलेल्या माणसांच्या हातून झाले. आणि त्या माणसांचा हिशेब शहराने पुढे कसा चुकता केला, हे तेथे पायी हिंडत पाहता येते.

वेस हा शब्द येथे शब्दशः घ्यायचा आहे. १७२८ सालच्या मार्च महिन्यात एका रविवारी, एका कोरीवकाम करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करणारा पोरगा मित्रांबरोबर गावाबाहेर भटकायला गेला. परतताना उशीर झाला आणि वेशीचे दरवाजे डोळ्यांदेखत बंद झाले. असे पूर्वीही घडले होते आणि त्याबद्दल मारही बसला होता. या खेपेस त्याने परत न जाण्याचे ठरवले. तो पोरगा म्हणजे झां-झाक रूसो. त्याच्या आत्मकथनातला हा प्रसंग वाचताना एक गंमत लक्षात येते. स्वतःला अभिमानाने ‘जिनिव्हाचा नागरिक’ म्हणवणाऱ्या या लेखकाची लेखक होण्याची वाट त्या शहराचे दार लागल्यावर सुरू झाली.

नव्वद वर्षांनी, १८१८ साली, मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ प्रसिद्ध झाली. तिचा नायक व्हिक्टर हा जिनिव्हाचा. (ही कादंबरी इंग्लंडच्या धुक्यात घडते अशी समजूत न वाचणाऱ्यांमध्ये बरीच पसरलेली आहे.) धाकट्या भावाचा खून झाल्याचे कळल्यावर तो घरी धाव घेतो, पोचतो तेव्हा रात्र झालेली असते आणि वेशीचे दरवाजे बंद असतात. शहरातून जाता येत नाही म्हणून तो होडीने सरोवर ओलांडतो, खुनाच्या जागी प्लँपालेला जातो, आणि विजेच्या लखलखाटात आपणच घडवलेला तो जीव त्याला दिसतो. मेरी शेलीच्या मनात त्या क्षणी रूसो होता की नाही हे ठरवण्याचे काम शोधनिबंध लिहिणाऱ्यांवर सोपवतो. बंद दारापाशी उभा राहिलेला जिनिव्हाकर मात्र दोन्हीकडे आहे.

आज ते दरवाजे नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तटबंदी पाडून तेथे रुंद रस्ते काढले. प्लँपालेचे मैदान मात्र शाबूत आहे. तेथे बाजार भरतो, मुले चाकांच्या फळ्यांवर घसरत असतात. त्या मैदानावर २०१४ साली फ्रँकेन्स्टाइनच्या निर्मितीचा कांस्य पुतळा बसवण्यात आला. त्याला चौथरा नाही. तो इतरांसारखाच जमिनीवर पाय टेकून चालताना दिसतो. न घडलेल्या खुनाच्या, नसलेल्या आरोपीचे स्मारक एखाद्या शहराने उभारावे हा साहित्याचा विजय म्हणावा की पर्यटन खात्याचा? मला त्यात दोन्ही दिसतात.

कारण पुतळ्यांच्या बाबतीत या शहराची एक जुनी रीत आहे. १७६२ च्या जूनमध्ये रूसोची ‘एमिल’ आणि ‘सामाजिक करार’ ही दोन्ही पुस्तके जिनिव्हाच्या सत्ताधाऱ्यांनी जाळवली. पुढच्या वर्षी रूसोने नागरिकत्वावर पाणी सोडले. त्यानंतर अवघ्या बहात्तर वर्षांनी, १८३५ साली, ऱ्होन सरोवरातून बाहेर पडते तेथल्या एका चिमुकल्या बेटावर त्याचा पुतळा बसला आणि बेटालाही त्याचे नाव मिळाले. कॉनरॅडने १९११ सालच्या ‘अंडर वेस्टर्न आइज’मध्ये या पुतळ्याचा जो उपयोग केला आहे, तो मला कुठल्याही समीक्षेपेक्षा भेदक वाटतो. आपल्या सोबत्याचा विश्वासघात केलेला रझूमोव्ह हेरगिरीचा आपला पहिला अहवाल लिहायला निवांत जागा शोधतो, आणि ती त्याला सापडते याच बेटावर, रूसोच्या पायाशी! स्वातंत्र्याच्या भाष्यकाराखाली बसून हेराने कागद काळा करावा, आणि आजूबाजूला सारे नीटनेटके, शांत, मध्यमवर्गीय असावे. जिनिव्हाच्या या नीटनेटकेपणाचा कॉनरॅडला मनस्वी कंटाळा होता, आणि तो त्याने निवेदकाच्या तोंडून लपवलेला नाही. ते प्रकरण त्या बेटावरच्या बाकावर बसून वाचावे. दहा मिनिटे पुरतात.

नाटकाच्या वादाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. ज्ञानकोशाच्या १७५७ सालच्या सातव्या खंडात दालाँबेरने ‘जिनिव्हा’ ही नोंद लिहिली आणि या शहरात नाटकगृह असायला हवे असे सुचवले. व्हॉल्तेअर तेव्हा ‘ले देलिस’ या आपल्या घरात राहत होता, घरी नाटके करीत होता आणि धर्ममंडळाचा रोष ओढवून घेत होता. नाटकाच्या विरोधात उभा राहिला तो, वेशीबाहेरून, रूसो. त्याचे १७५८ सालचे दीर्घ पत्र हे नाट्यविरोधी विचाराचे युरोपातले एक अत्यंत समर्थ प्रतिपादन आहे. मला ते पटत नाही. पण विद्यार्थ्यांना नाटकाची थोरवी शिकवण्याआधी ते पत्र वाचायला द्यावे असे वाटते. ‘ले देलिस’ हे आज व्हॉल्तेअरला वाहिलेले ग्रंथालय आणि संग्रहालय आहे.

याहून जुना आणि काळा हिशेब शाँपेलच्या चढावर आहे. मिगेल सेर्व्हेत या स्पॅनिश वैद्याला आणि धर्मचिंतकाला २७ ऑक्टोबर १५५३ रोजी येथे जिवंत जाळले. त्याच वर्षी छापलेल्या त्याच्या धर्मग्रंथात रक्त फुप्फुसांतून कसे फिरते याचे वर्णनही आहे. खटल्यामागे काल्व्हिन होता. काल्व्हिन स्वतः फ्रान्समधून आलेला निर्वासित, आणि १५३८ साली याच शहराने त्याला हाकलून दिले होते, ही गोष्ट विसरू नये. १९०३ साली काल्व्हिनच्याच अनुयायांनी तेथे प्रायश्चित्ताचा एक दगड उभा केला. त्यावर काल्व्हिनविषयी कृतज्ञता आहे, घडल्या गोष्टीचा निषेध आहे, आणि ती चूक त्या शतकाची होती असा खुलासाही आहे. एवढ्याशा दगडावर क्षमा, भक्ती आणि बचाव हे तिन्ही बसवणे ही गद्यलेखनाची मोठीच कसरत म्हटली पाहिजे. भाषेच्या विद्यार्थ्याने ती मुद्दाम पाहावी. सेर्व्हेतचा पुतळा मात्र शहराने १९०८ साली नाकारला. तो सरहद्दीपलीकडे फ्रान्समधल्या आनमास गावाने घेतला, दुसऱ्या महायुद्धात तो वितळवला गेला, १९६० साली पुन्हा ओतला गेला. जिनिव्हात त्याची प्रत बसायला २०११ साल उजाडावे लागले.

आता राजांचे स्मशान. नाव असे असले तरी प्लँपालेजवळच्या या दफनभूमीत राजा एकही नाही. मोठी झाडे, हिरवळ, तुरळक थडगी. दोन दिवसांतला निम्मा वेळ येथे द्यावा असे मी म्हणेन. काल्व्हिनने आपल्या कबरीवर खूण नको असे सांगितले होते. आज त्याच्या नावाने दाखवला जातो तो दगड फार नंतरचा आहे. त्याच आवारात २००९ साली ग्रिझेलिदिस रेआल या लेखिकेचे अवशेष आणून पुरले, आणि थडग्यावर लेखिका, चित्रकार, वेश्या असे तिचे तिन्ही व्यवसाय कोरले. त्यावर शहरात गदारोळ झाला, तो होणारच होता. काल्व्हिनच्या शेजारी तिला जागा द्यावी काय, हा प्रश्न एकविसाव्या शतकातही विचारला जातो याचा अर्थ काल्व्हिन अजून पुरता मेलेला नाही.

येथेच दस्तयेवस्कीच्या पहिल्या मुलीची कबर आहे. १८६७ च्या ऑगस्टमध्ये तो कर्जबाजारी अवस्थेत पत्नीसह जिनिव्हाला आला. ‘इडियट’ येथे लिहायला घेतली. मार्च १८६८ मध्ये सोन्या जन्मली आणि तीन महिन्यांचीही न होता मे महिन्यात न्यूमोनियाने गेली. या शहराविषयी त्याने पत्रांतून जे लिहिले आहे त्यात एक गोड शब्द शोधणे कठीण. हवा वाईट, वारा वाईट, माणसे आत्मसंतुष्ट. ‘इडियट’चा मिश्किन स्वित्झर्लंडमधून येतो आणि तेथल्या मुलांच्या, गावच्या, धबधब्याच्या आठवणी इतक्या हळुवारपणे सांगतो, की तो देश आणि पत्रांतला देश एकच यावर विश्वास बसू नये.

आणि त्याच स्मशानात बोर्हेस आहे. १९१४ साली तो आईवडिलांबरोबर येथे आला, महायुद्धामुळे कुटुंब येथेच अडकले, आणि काल्व्हिनच्या नावाच्या शाळेत त्याचे शिक्षण झाले. १९८५ च्या अखेरीस, अंध आणि आजारी, तो मुद्दाम येथे परतला आणि १४ जून १९८६ रोजी वारला. आपल्या प्रवासांवरच्या १९८४ सालच्या पुस्तकात त्याने या शहराला सुखाला सर्वांत अनुकूल असे शहर म्हटले आहे. त्याचा आशय असा की पॅरिसला आपण पॅरिस आहोत याचे भान सदैव असते, जिनिव्हाला मात्र आपण जिनिव्हा असल्याचे जणू ठाऊकच नसते.

दस्तयेवस्की आणि बोर्हेस यांपैकी कोणाचे खरे? मला वाटते दोघेही एकाच गुणाविषयी बोलत आहेत. हे शहर लळा लावत नाही. ते आसरा देते आणि बदल्यात प्रेमाची मागणी करीत नाही. मूल गमावलेल्या कफल्लक माणसाला ते निर्दय वाटले. शांतपणे मरू इच्छिणाऱ्या कीर्तिमंताला तेच सुखाचे वाटले. सहलीला आलेल्या पाहुण्याला ‘येथे काही नाही’ असे वाटते तेही यामुळेच. शहर त्याच्यासाठी काही करून दाखवत नाही.

या आसऱ्याचा लाभ आपल्याही एका माणसाने घेतला होता. लंडनच्या ‘इंडिया हाउस’चे संस्थापक श्यामजी कृष्णवर्मा १९१४ पासून जिनिव्हात होते. त्यांच्यामार्फत मिळालेल्या शिष्यवृत्तीवर, लोकमान्य टिळकांच्या शिफारशीने, सावरकर १९०६ साली लंडनला गेले होते. श्यामजी १९३० साली जिनिव्हातच वारले. त्यांच्या आणि पत्नी भानुमतींच्या अस्थी तेथल्या सेंट जॉर्ज स्मशानात जपून ठेवल्या होत्या. त्या २००३ साली भारतात आल्या. संस्कृतच्या या पंडिताचा आपल्या साहित्यिक इतिहासांत जेमतेम उल्लेख येतो.

कोणी जाऊ नये हेही सांगितले पाहिजे. लहान मुले बरोबर असतील, किंवा युरोप एकदाच आणि आठ दिवसांतच पाहायचा असेल, तर जिनिव्हा गाळावे. त्यात काही बिघडत नाही. बाकीच्यांनी एक दिवस जुन्या गावासाठी ठेवावा. ग्रांरू या गल्लीत चाळीस क्रमांकाच्या घरात रूसो जन्मला आणि अठ्ठावीस क्रमांकाच्या घरापाशी बोर्हेसची आठवण जपली आहे. दोन घरांमध्ये दोन मिनिटांचे अंतर. त्याच दिवशी बेट आणि स्मशान. दुसऱ्या दिवशी सरोवराच्या डाव्या काठाने कोलोन्यीला जावे. १८१६ च्या पावसाळी उन्हाळ्यात बायरनने घेतलेली व्हिला दिओदाती तेथे आहे, पण ती खाजगी मालमत्ता असल्याने शेजारच्या कुरणातूनच सरोवर पाहून परतावे लागते. त्याची भरपाई जवळच्या बोदमर संग्रहात होते. योहानाच्या शुभवर्तमानाचा अतिप्राचीन पपायरस तेथे आहे, गुटेनबर्गचे बायबल आहे, आणि शतकानुशतके हरवलेले मिनँडरचे एक अख्खे नाटक याच संग्रहातल्या पपायरसावरून १९५८ साली प्रथम छापले गेले. प्राचीन ग्रीक सुखात्मिका शिकवणाऱ्याने एवढ्यासाठी सुद्धा तिकीट काढायला हरकत नाही.

राहिला ऋतूचा प्रश्न. मे-जूनमध्ये हवा चांगली असते आणि माँ ब्लाँ दिसण्याची शक्यताही बरी. पण ज्यांना दस्तयेवस्कीची पत्रे वाचून जायचे आहे त्यांनी फेब्रुवारीत जावे. तेव्हा ईशान्येकडून ‘बीझ’ नावाचा वारा सरोवरावरून येतो, आणि कडाक्याच्या थंडीत काठावरचे बाक, कठडे, झाडे उडालेल्या तुषारांच्या बर्फाखाली झाकली जातात. दोन स्वेटर पुरत नाहीत.