मदत करायची, तर शिकायचे काय?

बारावीचा निकाल लागला. आता महाविद्यालयांच्या खिडक्यांसमोर ‘मेजर कोणता, मायनर कोणता’ याची चर्चा ऐकू येते. नीट-सीईटीच्या गर्दीतही धाराशिव जिल्ह्यातली काही मुले जरा वेगळे विचारतात: आपत्तीत माणसांच्या उपयोगी पडायचे काम करायचे आहे, पदवी कशाची घ्यावी? २०२५च्या सप्टेंबरात परंडा-भूम भागात पाण्याने वेढलेली माणसे हेलिकॉप्टरने उचलताना ज्यांनी पाहिली, त्यांच्या मनात हे येणारच. घरून उत्तर मिळते, ‘आधी नोकरीचं बघ.’ त्यात चूक काही नाही.

या प्रश्नाचा अभ्यास करायला आपल्याला जिनिव्हाला जायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला आणि किल्लारीपासून सास्तूरपर्यंतची गावे झोपेतच गाडली गेली. जीव घेतले ते मुख्यतः घरांनी. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. म्हणजे पहिले काम स्थापत्य अभियंत्याचे निघाले, आणि तेही पुढची कित्येक वर्षे. बावन्न गावे नव्या जागी वसवायची होती. शिवाय इतर हजारो गावांतल्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण होते. नव्या गावांचे आराखडे शहरी वसाहतीसारखे सरळ रेषेत आखले गेले. रस्ते रुंद झाले, पण गोठा कुठे, कडबा कुठे, भावकीचे शेजार कुठे, याचा विचार मागे पडला. तिथे गावगाडा वाचता येणारा समाजशास्त्राचा माणूस हवा होता.

दुरुस्तीच्या कामात घरमालकाला पैसे हप्त्याहप्त्याने मिळत. भिंतीला बांधणी-दगड बसवला का, पुढचा हप्ता कुठे अडला, हे घरोघर जाऊन समजावायला महिला मंडळातल्या बायका ‘संवाद सहाय्यक’ म्हणून नेमल्या गेल्या. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ने हे काम उभे केले. २००१मध्ये कच्छला भूकंप झाल्यावर याच भागातल्या बायका तिकडे शिकवायला गेल्या. त्यांच्यातल्या बहुतेकींकडे पदवी नव्हती, हे समाजकार्याचा अर्ज भरणाऱ्याने जरूर लक्षात ठेवावे. अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने अशाच बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. तिथे वैद्यकीची पदवी लागली ती त्यांना घडवायला.

मग समाजकार्य घेऊच नये का? जरूर घ्यावे. टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर आपल्या तुळजापुरात आहे, आणि देशभरातली मुले तिथे येऊन आपलीच गावे अभ्यासतात. (आपल्या किती मुलांना तो बसमधून दिसणाऱ्या पाटीपलीकडे ठाऊक आहे, हा प्रश्न इथल्या शाळांनी स्वतःला विचारावा.) पण एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, कोणत्याही पदवीनंतर करता येते. म्हणून आमचे मत असे की, पहिली पदवी हाताला एखादे पक्के काम देणारी असावी: नर्सिंग, स्थापत्य, कृषी, संख्याशास्त्र, कायदा, अगदी वाणिज्यसुद्धा. हिशेब कळणारा माणूस मदतकार्यात कुणाच्या नजरेत भरत नाही, पण लेखापरीक्षणात संस्था अडकली की कामही थांबते. पूर ओसरल्यावर पंचनाम्यात नाव राहून गेले, ई-केवायसी अडली, सातबारा आजोबांच्याच नावावर आहे, अशा घरांचे दुखणे ट्रकभर धान्याने बरे होत नाही. त्याला महसुली कागद वाचणारा लागतो.

पगाराबद्दल आडपडदा ठेवू नये. या क्षेत्रातल्या बऱ्याच नोकऱ्या प्रकल्पापुरत्या असतात. निधी संपला की करार संपतो. आंतरराष्ट्रीय संस्थांत पैसा बरा मिळतो, पण तिथे अनुभव आणि इंग्रजीबरोबर आणखी एखादी भाषा विचारतात. हाताशी दुसरे कौशल्य असलेला मुलगा दोन प्रकल्पांमधल्या रिकाम्या महिन्यांत घरी भार होत नाही, आणि मुलीच्या बाबतीत तर त्या रिकाम्या महिन्यांतच लग्नाचा विषय निघतो.

प्रवेशाची शेवटची तारीख उलटण्याआधी लोहारा तालुक्यातल्या एखाद्या पुनर्वसित गावात दिवसभर जाऊन यावे. घर ज्याच्या नावावर झाले त्याला, आणि ज्याचे अजून झाले नाही त्यालाही, तेव्हा कोण माणूस कामाला आला आणि कोण नुसता फोटो काढून गेला, हे विचारावे. विषयांची यादी त्यानंतर उघडावी.