वाद उठण्यापूर्वीची वंशावळ

मराठी भाषेने आप्तसंबंधांची नोंद जितकी काटेकोर ठेवली, तितकी आज मराठी घरे ठेवीत नाहीत. चुलत, आते, मामे, मावस या चार शब्दांपैकी एक उच्चारला की नाते पित्याच्या बाजूचे की मातेच्या, भावाच्या वाटेने आलेले की बहिणीच्या, याचा उलगडा एका क्षणात होतो. ‘कझिन’ या एका शब्दात या चारही वाटा बुजून जातात. सीमाभागातील आपली तरुण मुले लग्नकार्यात एकमेकांची ओळख आता ‘कझिन’ म्हणूनच करून देतात, आणि ‘कोणाकडून?’ असे एखाद्या वृद्धेने विचारले की गप्प होतात. शब्द गेला की नात्याचा पत्ता जातो, आणि पत्ता गेला की माणूसही हाती लागत नाही. म्हणून दूरच्या चुलत-आते-मामे-मावस भावंडांना शोधून काढणे आणि घराण्याच्या आठवणी एकत्र करणे हा केवळ भावनेचा विषय नसून भाषेचा विषय आहे, असे माझे मत आहे.

या कामाला आपल्याकडे एक जुनी अडचण आहे. ‘भाऊबंद’ हा मुळात जवळिकीचा शब्द; परंतु त्यापासून झालेल्या ‘भाऊबंदकी’ला कलहाचाच अर्थ चिकटला. खाडिलकरांनी १९०९ साली आपल्या नाटकाला तेच नाव दिले, तेव्हा प्रेक्षकांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल. ‘दायाद’ या शब्दाचा मूळ अर्थ तर वाटा घेणारा असाच आहे. कानडीतही ‘दायादी’ म्हणजे भाऊबंद. सीमेच्या दोन्ही बाजूंना, दोन्ही भाषांत, रक्ताच्या नात्याला वाटणीचा वास आहे.

वकिलीच्या व्यवसायात याची प्रचीती नित्य येते. एकाच पणजोबांचे पणतू परस्परांना प्रथम भेटतात ते समन्सच्या कागदावर. वाटणीच्या दाव्याला वंशवृक्ष जोडावा लागतो. तो तयार करताना पक्षकार आपल्या शाखेची नावे धडाधड सांगतो आणि दुसऱ्या शाखेशी येऊन अडखळतो. असा वंशवृक्ष खरे तर वृक्ष नसतोच. ज्यांचा वाटा आहे तेवढ्याच फांद्या त्यात राहतात. कोणती आजी ओव्या रचीत असे, कोणता चुलता घर सोडून बडोद्याला किंवा इंदूरला गेला आणि का गेला, प्लेगच्या साथीत कोणाची मुले कोणी वाढवली, याला दाव्यात जागा नाही, आणि असूही नये. पण घरातही ते कोणी सांगत नसेल, तर ते उरणार कोठे?

सीमाभागात या विस्मरणाला राजकीय कारणही आहे. राज्य पुनर्रचना अधिनियमाने १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातला आणि त्यातून चंदगड तालुका मात्र वगळला. बिदर जिल्ह्यातून अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके असेच बाजूला काढले गेले. नकाशावर ती एक रेघ होती. परंतु चंदगडची लेक खानापुरात दिलेली होती आणि बेळगावची सून चंदगडाहून आणलेली होती. पहिल्या पिढीने येणे-जाणे टिकवले. दुसऱ्या पिढीची शाळा, नोकरी आणि कचेरी वेगळ्या राज्यात गेली. तिसऱ्या पिढीत एका बाजूच्या मुलाला सातबारा वाचता येतो आणि दुसऱ्या बाजूच्या मुलाला कानडी उतारा; दोघांच्या पणजोबांचे मोडीतले कागद मात्र दोघांनाही वाचता येत नाहीत. १९५६ च्या अन्यायाविषयी आपण सभांतून बोलतो. तो अन्याय आपल्याच कुटुंबात कोणकोणत्या दोन घरांमधून गेला, हे किती जणांना नावानिशी सांगता येईल?

येथे एक सावधगिरी हवी. नात्यांची ही जुळवाजुळव कानडीविरुद्धची नाही. तशी ती होऊच शकत नाही. अण्णा, अक्का, आप्पा हे शब्द आपण आणि कानडी शेजारी सारखेच वापरतो. जुन्या मराठी घरांत सून सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणे. कानडीतही ‘माव’ म्हणजे मामा आणि सासरा, ‘अत्ते’ म्हणजे आत्या आणि सासू. आते-मामे भावंडांच्या विवाहाची दक्षिणी चाल या शब्दांत गोठलेली आहे. इरावती कर्वे यांनी भारतातील आप्तसंबंधांचा अभ्यास करताना महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला प्रदेश मानले, ते उगीच नव्हे. याहून बोलका दाखला हेळव्यांचा आहे. कानडी मातृभाषेचे हे लोक दक्षिण महाराष्ट्रातील मराठी शेतकरी घराण्यांच्या पिढ्या आपल्या चोपड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. आपल्या खापरपणजोबांचे नाव आपण विसरलो आणि कानडी हेळव्याने ते जपले, ही गोष्ट आपल्याला नम्र करणारी आहे.

‘जुनी नाती उकरली की जुने हक्कही उकरले जातील,’ ही भीती अनेक घरांत उघड बोलली जात नाही, पण असते. कायद्याचा अभ्यासक म्हणून तिला उत्तर देणे मला आवश्यक वाटते. आठवण सांगितल्याने हक्क निर्माण होत नाही आणि लपवल्याने तो नष्ट होत नाही. उलट, १८७२ च्या पुरावा कायद्याने या बाबतीत मोठे शहाणपण दाखवले होते. मृत व्यक्तीने नात्याविषयी केलेले कथन ग्राह्य धरायचे, तर ते माहिती असण्याचे विशेष साधन असलेल्या माणसाचे हवे आणि वाद उपस्थित होण्यापूर्वीचे हवे, अशी अट कलम ३२ ने घातली. घराण्याच्या वंशावळीतील नोंदीलाही तीच अट होती. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने हे तत्त्व कायम ठेवले आहे. त्यामागील विचार साधा आहे: स्वार्थ जागा होण्यापूर्वी माणूस नात्याविषयी खरे बोलतो. कायद्याने साक्षीसाठी सांगितलेली ही वेळ कुटुंबालाही तितकीच लागू आहे. सलोखा आहे तोवर लिहिलेली वंशावळ सर्वांची असते. दावा दाखल झाल्यावर लिहिलेली वंशावळ फक्त एका पक्षाची.

वंशावळ लिहायची तर ती पूर्ण लिहावी. छापील कुलवृत्तांतांतून पुष्कळदा मुलींची शाखा लग्नापाशी संपते. हा दोष आता कायद्यालाही मान्य नाही. कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी १९९४ सालीच मुलींना सहदायकाचा हक्क देणाऱ्या दुरुस्त्या केल्या, २००५ साली तो देशभर आला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मसिद्ध असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेमुळे वारसांच्या यादीत लेकींची नावे त्याआधीपासूनच येत आली. परंतु हक्काहून वेगळे असे एक कारण आहे: घराण्याची गोष्ट प्रायः लेकींनीच नेली. भाऊ एका वाड्यात राहिले. बहिणी निपाणीला, डिचोलीला, हैदराबादला गेल्या आणि माहेरच्या म्हणी, पाककृती, पाळण्यातली नावे बरोबर घेऊन गेल्या. म्हणून प्रत्येक स्त्रीचे माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे, दोन्ही गावांसह, नोंदवली पाहिजेत.

काम कठीण नाही. घरातील सर्वांत वयोवृद्ध स्त्रीपासून आरंभ करावा आणि तिचे बोलणे तिच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करावे. ते ‘शुद्ध’ करू नये. गावांची जुनी नावे आणि शेतांची नावे विचारावीत. मोडीतील कागद जाणकाराकडून वाचून घ्यावेत. पंढरपूर, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या गावाचे आणि आडनावाचे कोणी सापडते का, ते पाहावे. ऐकीव असेल तेथे ‘ऐकीव’ असे लिहावे. या कामात मालमत्तेची चर्चा येऊ देऊ नये. आणि जे भावंड कानडीत, गुजरातीत किंवा हिंदीत वाढले, त्याला मराठी येत नाही म्हणून वगळू नये. त्याला मराठीत एक सविस्तर पत्र लिहावे आणि ते वाचून दाखवावे. भाषा परत येते ती अशाच कारणांनी. कोणीतरी आपल्याशी त्या भाषेत बोलू इच्छितो हे कळल्यावर.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल आपल्या हाती नाही. परंतु रेघेपलीकडच्या मावसभावाचे नाव, गाव आणि त्याच्या आईची आठवण लिहून ठेवण्यास कोणत्याही न्यायालयाची अनुज्ञा लागत नाही. जी माणसे ते सांगू शकतात ती आज ऐंशीच्या पुढे आहेत, आणि या कामाची खरी मुदत त्यांच्या आयुष्याइतकीच आहे.