इंदूरच्या घराघरांतले जुने फोटो

इंदूरला कॅमेरा नवा नाही. रुडकीला शिकलेले दीनदयाळ १८६६ साली इथल्या बांधकाम खात्यात नोकरीला आले, छायाचित्रणाला याच शहरात लागले आणि दुसरे तुकोजीराव होळकर व सर हेन्री डेली यांच्या प्रोत्साहनाने देशभर नावाजले. त्यांनी टिपलेली मध्य भारतातली स्मारके १८८६ साली लेपेल ग्रिफिन यांच्या पुस्तकात आली. पुढे छायाचित्रकार मॅन रे यांनी महाराज यशवंतराव होळकर आणि महाराणी संयोगिताराजे यांना कॅमेऱ्यात पकडले. राजवाडा, लालबाग, माणिकबाग या होळकरांच्या वास्तूंची जुनी चित्रे आज सहज मिळतात. कापड मिलच्या भोंग्यावर घर सोडणाऱ्या कामगाराचे मात्र मिळत नाही.

फिल्म महाग होती, त्यामुळे सामान्य घरात कॅमेरा समारंभापुरताच यायचा. रोजचे जगणे म्हणूनच या फोटोंच्या कडेला सापडते. रामबागेतल्या एखाद्या मुंजीच्या फोटोत बटूला थोडे बाजूला ठेवून मागे बघावे. ओट्याला टेकवलेली सायकल, दारातला तांब्याचा हंडा, नऊवारीतली आजी आणि तिच्या शेजारी पाचवारीतली सून. घर कसे चालत होते आणि काय बदलू लागले होते, ते तिथे दिसते. इतिहासाच्या दृष्टीने हा ऐवज दरबारी चित्रांहून कमी मोलाचा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मिलच्या समूहचित्रांत खुर्चीवर बसलेल्यांची नावे बहुधा खाली छापलेली असतात, मागे उभे असलेल्यांची नसतात. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. कामगारांच्या थकबाकीचा प्रश्न सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. या तीन दशकांत किती जण गेले! मागच्या रांगेतला चेहरा ओळखणारे, अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या मिलच्या झांकीसाठी रात्र-रात्र बांबू बांधणारे हात कोणाचे ते सांगू शकणारे आता फार थोडे उरले आहेत. नाव गेले की त्या फोटोतला माणूस कोणाचाच राहत नाही.

हे थांबवायला मोठा निधी लागत नाही. फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नाव, जागा, साल लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. चिकट पानांचे अल्बम टाळावेत. लॅमिनेशन तर करूच नये, ते पुन्हा निघत नाही. स्कॅन करताना पाठही घ्यावी, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. निगेटिव्ह रद्दीत देऊ नयेत.

बाकीचे काम संस्थांचे आहे. महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या संस्थेने आणि विद्यापीठाच्या इतिहास विभागाने मिळून येत्या गणेशोत्सवात मंडपांत एक टेबल मांडावे: एक स्कॅनर, एक वही, आणि जुन्या माणसांशी बोलायला दोन विद्यार्थी. मूळ फोटो त्याच दिवशी घरी परत जावा. वहीत नाव, मोहल्ला आणि फोटो वापरायची परवानगी नोंदलेली असावी.